एका पायरीचे गुण

त्या शाळेत मुलं इतकी थोडी होती की कुणाचंच एका कामावर भागत नसे. सामान्यज्ञानाच्या चढाओढीला जी मुलगी जाई, तीच दुपारी बास्केटबॉल खेळे. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा मुलगा फुटबॉलच्या संघात गोलरक्षक होता. एकदा सामना रंगात आला असताना कुणाचं तरी लग्न लागायचं म्हणून त्याला बोलावणं आलं. चिखलाच्या पायांनी वाजवून तो परत येईपर्यंत समोरच्या शाळेची पोरं चेंडूवर पाय ठेवून गुपचूप उभी होती. ही गोष्ट शाळा चालवणाऱ्या सिस्टर आल्यागेल्या पाहुण्यांना हमखास सांगत.

शिक्षकांचीही तीच गत. बीजगणित आणि खेळ, दोन्ही एकाच बाईंकडे. फळ्यासमोर हातात खडू, मैदानावर गळ्यात शिट्टी. शिट्टी बहुधा गळ्यातच राहून जाई, म्हणून मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्या शिस्तीच्या होत्या, पण आकसाच्या नव्हत्या. मैदानावर पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर फुंकर घालणाऱ्या बाई पेपर तपासायला बसल्या की मात्र निराळ्याच होत. गणिताचं उत्तर चुकलं की सगळं चुकलं. पद्धत बरोबर आहे, मधली पायरी बरोबर आहे, असलं काही त्यांच्यापुढे चालत नसे.

"बाई, अर्धा तरी गुण द्या ना," पोरं गयावया करत.

"पूल अर्धा बांधला तर चालशील त्याच्यावरून?" बाई विचारत, आणि पुढची वही ओढत.

चॅपलकडे जाणाऱ्या व्हरांड्यात विक्रमांची लाकडी पाटी होती. त्यातली पुष्कळशी नावं दर दोनचार वर्षांनी रंगारी येऊन खरवडून काढी आणि नवी घाली. मुलींच्या आठशे मीटरपुढचं नाव मात्र जुनं होऊन पिवळं पडलं होतं. ते शिट्टीबाईंच्या थोरल्या बहिणीचं होतं.

ताई हडकुळी होती, आणि पळायला लागली की तिचे पाय जमिनीला नुसते विचारून जात. मोठ्या शहरातल्या क्रीडा महाविद्यालयानं तिला जागा देऊ केली. वडील शिंपी होते, देवाधर्माचे, मनाचे प्रेमळ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. "मुलीच्या जातीनं पळून पोट भरायचं का? गेलीस तर या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस," असं ते म्हणाले. ताई गेली. आधी आधी ओळखीच्या माणसांबरोबर तिचे निरोप येत, बरी आहे, आईला सांगा. मग तिनं ते शहरही सोडलं असं कळलं, आणि त्यानंतर काहीच कळलं नाही. वडिलांनी पुढे मशीन बंद ठेवून गावोगाव शोधलं. फादरांनी इतर ठिकाणच्या फादरांना विचारून पाहिलं. थांग लागला नाही. वडील गेले तेही तिचं नाव घेतच गेले.

आई मात्र म्हणे, "बापाचा शब्द पाळतेय पोरगी. पहिल्यापासून सांगितलेलं ऐकणारीच ती."

संध्याकाळी मायलेकी जपमाळ घेऊन बसत, तेव्हा ताईसाठीची प्रार्थना प्रवासात असलेल्यांबरोबर होई. चॅपलमधल्या मृतांसाठीच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेत, घराघरांतून आलेली नावं वाचली जात, त्या दिवशी आई वडिलांचं एकच नाव देऊन ओठ मिटून घेई. फादरांनी एकदा हलकेच विषय काढला होता. आई त्यांना म्हणाली, "फादर, शाळेच्या पाटीवर बघा. तिथं ती आहे अजून. तिच्या पुढं कुणी गेलेलं नाही."

म्हाताऱ्या बाईच्या मनाची ही गाठ कुणी सोडवायला गेलं नाही. सोडवून तिच्या हातात द्यायचं तरी काय?

शाळेत आणखी एक पद्धत होती. क्रीडादिनाला शेवटच्या रेषेवर लोकरीचा धागा धरत, आणि त्याचं एक टोक ज्याचा विक्रम असेल त्याच्या हातात देत. तो माणूस दूर असला तर त्याच्या घरच्या कुणाच्या तरी. आठशे मीटरच्या वेळी ते टोक दरवर्षी आईच्या हातात असे. त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून येई, चष्मा पुसून पुसून लख्ख करी. दुसरं टोक मोठ्या सिस्टरांकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे. जिंकणारी मुलगी छातीनं धागा घेऊन जाई. मग आई वळून शिट्टीबाईंच्या हातातल्या घड्याळाकडे बघे. बाई मान हलवत, नाही. तेवढ्यानं आईचा चेहरा खुले. जिंकलेल्या पोरीच्या गालावरून हात फिरवून ती म्हणे, "छान पळालीस हो." आणि ते अगदी मनापासून असे.

अशी कितीतरी वर्षं गेली, आणि मग नाकतोडी आली.

ती भट्टीवाल्याची मुलगी. गावात पाव भाजून दारोदार पोचवणारा तो भट्टीवाला. लांब पाय, गुडघे बाहेर, बाकावर बसली तर पाय कुठे ठेवू असा तिला प्रश्न पडे. त्यावरून पोरांनी नाव पाडलं, नाकतोडी. तिला त्याचं काही वाटत नसे. "नाकतोडा एका उडीत अख्खं ताट ओलांडतो, तुम्ही ओलांडा बघू," असं ती उलट सुनवी.

पहिल्यांदा ती सरावाला पळाली, तेव्हा बाई घड्याळाचं बटण दाबायचं विसरल्या. दुसऱ्या खेपेला दाबलं. काटा पाहिला, घड्याळ झटकलं, कानाला लावलं. मग त्या पाठमोऱ्या झाल्या आणि उगाच उड्यांच्या खड्ड्यातली वाळू सारखी करत बसल्या. पाठीमागून येणारा तो पावलांचा आवाज त्यांनी लहानपणी घराच्या गल्लीत ऐकला होता.

"किती आली, बाई?" पोरगी धापा टाकत विचारत होती.

"बरी आली. हात फार हलवतेस. लोणी काढायचंय का?"

पोरगी खिदळली. पण शेवटी पोरीच त्या, आकडा कुठला लपून राहतोय! आठवडाभरात शाळाभर झालं की नाकतोडी यंदा पाटी बदलणार. स्वतः भट्टीवाला एका दुपारी पीठभरल्या हातांनी फाटकाशी आला आणि नाकतोडीच्या देखत शिट्टीबाईंना म्हणाला, "बाई, माझं काही पळण्याशी वैर नाही. पण मला भट्टीवर हात हवाय. हिची आई म्हणते पुढं पाठवा, शहरातल्या खेळाच्या शाळेत. मी एकच म्हटलंय, त्या पाटीवर नाव आलं तर पाठवीन. नाही आलं, तर यंदाचं शेवटचं वर्ष. कबूल आहे ना पोरी?"

"कबूल," नाकतोडी म्हणाली. तिला त्यात अवघड काहीच दिसत नव्हतं.

अवघड होतं ते दुसरीकडेच. शाळेचा जुना नियम असा की सत्राच्या परीक्षेत एका जरी विषयात नापास झालं, तरी क्रीडादिनाला मैदानात उतरायचं नाही. फेरपरीक्षा पुढं, सुट्टीनंतर. आणि बीजगणितात नाकतोडी कच्ची होती. बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे नेताना उणेचं अधिक करायचं, हे तिच्या डोक्यात राहतच नसे.

"अगं, दार ओलांडलं की चप्पल बदलायची, तसं," बाई सांगत.

"मी अनवाणीच जाते, बाई."

बाईंनी तिला सराव संपल्यावर पायऱ्यांवर बसवून शिकवलं. हयगय केली नाही, हे देवाला ठाऊक. पोरगी सुधारलीही. चार गणितांतली दोन तरी नीट सोडवू लागली.

आईला कळायचं तेव्हा कळलंच. मिस्सेनंतर कुणीतरी कौतुकानं सांगितलं असावं. घरी येऊन तिनं डोक्यावरचं वस्त्र घडी करून ठेवलं, स्वयंपाकघरात गेली, आणि पाठ न वळवता म्हणाली,

"धाकटे, त्या भट्टीवाल्याची पोर गणितात कच्ची आहे म्हणतात."

"होती. आता बरी आहे."

"पेपर तूच तपासतेस ना?"

शिट्टीबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आई, काय बोलतेस तू हे?"

"मी कुठं काय बोलले? विचारलं."

"तुझं विचारणं मला कळतं."

"कळतं तर बरंच आहे." आईनं पातेलं आपटलं. मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "मी राहिलेय किती आता? माझ्यामागं खुशाल पुसा. रंगाऱ्याला मी स्वतः सांगून जाईन. पण मी असेपर्यंत नको गं. नाव गेलं की फादर पुन्हा विचारायला येतील. या खेपेला मी त्यांना काय सांगू?"

त्या रात्री जपमाळेत दोघींच्या प्रार्थना मागेपुढे होत राहिल्या.

परीक्षा झाली. बीजगणिताचे पेपर शिट्टीबाईंनी शिक्षकांच्या खोलीत तपासायला घेतले, खिडकीजवळच्या टेबलावर, भर दुपारी. बाहेर धाकटी मुलं बास्केटबॉल आपटत होती. नाकतोडीचा पेपर त्यांनी मुद्दाम काढला नाही, ओळीनं आला तेव्हाच घेतला. पहिलं गणित बरोबर. दुसरं चूक. तिसरं बरोबर, चौथं बरोबर. बाईंना एकीकडे हायसं वाटलं, एकीकडे आईचं बोलणं आठवलं. शेवटचं गणित मोठं होतं, आणि पास होणं त्याच्यावर अडलं होतं.

पोरीनं मांडणी सुरेख केली होती. बाईंनी पायऱ्यांवर शिकवलं होतं अगदी तसं, एकाखाली एक. उणेचं अधिक केलं होतं. तेही दोनदा, बरोबर. तिसऱ्यांदा विसरली. शेवटच्या पायरीवर एक उणे तसंच पलीकडे गेलं होतं, आणि उत्तर चुकलं होतं.

पद्धतीचे गुण दिले तर पास. नाही दिले तर नापास. आणि बाईंनी आजवर कुणालाच दिले नव्हते.

त्या बराच वेळ लाल पेन धरून बसल्या. आई म्हणाली होती म्हणून नापास करायचं असतं, तर त्यांनी तो पेपर फाडून टाकला असता, एवढी त्यांना स्वतःची खात्री होती. पण इथं तर काही करायचंच नव्हतं. रोजच्यासारखं वागायचं, बस. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. त्यांना गुदमरायला झालं ते त्यामुळेच. शेवटी पेपर घेऊन त्या मोठ्या सिस्टरांकडे गेल्या.

सिस्टर फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या. त्यांनी पेपर लांब धरून पाहिला. "मी भाषा शिकवणारी. मला यातलं एवढंच कळतं की पोरगी बरीच वाट चाललीय."

"पायरीचे गुण मी कधी देत नाही, सिस्टर."

"माहीत आहे. नाही देत तुम्ही."

"हिला दिले, तर बाकीची म्हणतील, पळते म्हणून दिले."

"म्हणतील."

"मग नियमानं नापासच होते ती."

सिस्टरांनी पेपर परत दिला. "बाई, विषय तुमचा आहे. मी त्यात हात घालणार नाही. फक्त हे लिहिण्याआधी जरा चॅपलमध्ये बसून या. मी हे सगळ्यांनाच सांगते असं नाही."

बाई चॅपलकडे निघाल्या. पण वाट व्हरांड्यातून होती. पाटीखाली त्यांचे पाय अडले, त्यांनी वर पाहिलं, आणि चॅपलमध्ये न जाताच त्या मागे फिरल्या. टेबलाशी येऊन त्यांनी त्या गणितावर उभ्या उभ्याच रेघ मारली.

निकाल लागला त्या दिवशी नाकतोडी रडली नाही. तिनं पेपर पाहिला, ती पायरी पाहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "चप्पल बदलायची राहिली, बाई," ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. बाई "हं" म्हणाल्या.

क्रीडादिनाला नापास मुलांनी पाणी वाटायचं, अशी रीत होती. नाकतोडी बादली आणि पेले घेऊन मैदानाभोवती फिरत होती. पळतच फिरत होती, कारण चालणं तिला येतच नसे. लोकांच्या माना शर्यती सोडून तिच्याकडे वळत.

आठशे मीटरच्या वेळी आई जागेवर येऊन उभी राहिली. उन्हानं तिच्या घशाला कोरड पडली. नाकतोडीनं लांबूनच ओळखलं आणि पेला घेऊन आली.

"घ्या आजी. सावकाश प्या, गार आहे."

आई प्यायली. "तूच का गं ती?"

"मीच. मोठं शून्य." पोरगी हसली. मग जवळ सरकून म्हणाली, "आजी, बाईंनी मला एकदा सांगितलं होतं, त्यांच्या ताईसारखी पळतेस म्हणून. खरं का?"

आईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यांकडे पाहिलं. "मला काय माहीत? मी तुला पळताना कुठं पाहिलंय?"

"आता नाही दिसायची. पुढच्या महिन्यापासून भट्टीवर. पाटीवर नाव आलं असतं तर बाबा पाठवणार होते शहरात." तिनं रिकामा पेला घेतला. "पण तुमच्या ताईंचं नाव राहिलं ना. ते तरी बरं झालं. ताई कधी आल्या तर त्यांना मला भेटायचंय हं, आजी. सांगाल ना?"

आणि दुसरीकडून कुणी पाणी मागितलं म्हणून ती धावत गेली. आई बघत राहिली. एवढ्याशा धावण्यात तिला जे दिसायचं ते दिसलं. ताईचंच धावणं ते; ताई पोटची पोर होती, आंधळीला सुद्धा कळलं असतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या हे टोक. मला नाही धरवत."

"ऊन लागलं का, आजी?"

"ऊन नाही."

पण तोवर मुली सुटल्या होत्या. धागा धरायला कुणी येईपर्यंत शेवटचं वळण आलं. आईच्या हातातून टोक सुटलं आणि जिंकलेली मुलगी तो जमिनीवरचा धागा ओलांडून पुढे गेली. शिट्टीबाईंनी सवयीनं मान हलवली, नाही. आई त्यांच्याकडे बघत नव्हती.

घरी जाताना आई रस्त्यात मध्येच थांबली. "मी म्हटलं म्हणून केलंस?"

"चूक होती, आई. उत्तर चुकलं होतं."

"ते नाही विचारलं मी. मी म्हटलं म्हणून केलंस का?"

शिट्टीबाईंनी आईचा हात धरायला हात पुढे केला. आईनं तो धरू दिला नाही. "एकीला बापानं घालवलं. ही दुसरी, मी," ती म्हणाली. "तुला नाही बोलत. मी म्हटलं नसतं, तर तू काय केलं असतंस ते आता तुझं तुलाही कळत नाही ना? म्हणजे ते माझंच."

त्या दिवसापासून आईचं बोलणं कमी झालं. जेवायची, प्रार्थनेला बसायची. ताईची पाळी आली की मणी बोटांत तसाच राहायचा, आणि नुसतं "प्रभू" म्हणून ती पुढे सरकायची. जिवंतांसाठी की मेलेल्यांसाठी, ते शिट्टीबाईंना कळत नसे आणि विचारायचा धीर होत नसे. एका दुपारी आईच म्हणाली, "त्या भट्टीवाल्याकडे जा. काहीतरी बोल त्याच्याशी. तुला येतं बोलायला."

शिट्टीबाई गेल्या. भट्टी गल्लीच्या टोकाला होती, दाराशीच धग लागे. भट्टीवाल्यानं त्यांना पाहून हात पुसले आणि स्टूल पुढे केलं.

"या या, बाई! आज आमच्याकडे कशा?"

"पोरीबद्दल आले होते. फेरपरीक्षा आहे पुढं. ती सहज पास होईल. तिला तुम्ही..."

"ते राहू द्या आता." तो हसून म्हणाला. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. "बाई, खरं सांगू? हिची आई चिडली होती तुमच्यावर. मी म्हटलं, गप. बाईंनी ओळख बघितली नाही, पळणारी पोर बघितली नाही. नियम म्हणजे नियम. अशी माणसं राहिलीत कुठं? मला तुमचा फार आदर वाटला. पोरीलाही मी तेच सांगितलं."

"तसं नव्हतं ते," शिट्टीबाई म्हणाल्या. "मी नियमानं वागले नाही."

"बघा! किती हा नम्रपणा," भट्टीवाला म्हणाला, आणि त्यांच्यासाठी ताजे पाव बांधायला आत वळला.

तेवढ्यात आतून नाकतोडी आली. केस फडक्यात बांधलेले, हातांत भरलेला लोखंडी ट्रे. तिनं ऐकलं होतं. ती बाईंसमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडी उलटं उत्तर नव्हतं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बाईंना तो हवा होता. पण ती नुसती बघत होती, फळ्यावरचं गणित आपल्याला सुटणार नाही हे कळल्यावर बघे तशी.

"पोरी," शिट्टीबाई म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी तिच्या खांद्याकडे हात नेला.

"बाई, जरा सरका," नाकतोडी म्हणाली. "भाजेल तुम्हाला."

शिट्टीबाई बाजूला झाल्या, आणि ती ट्रे घेऊन सावकाश पावलं टाकत बाहेर गेली.